इंग्रजीतलं गाऱ्हाणं

माझ्या वर्गातल्या मुलांनी इंग्रजी बोलावं म्हणून मी काय काय केलं, याची यादी एकदा तालुक्याच्या प्रशिक्षणात मी मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवली होती. टाळ्याही मिळाल्या. त्या यादीतला सर्वांत गाजलेला खेळ मी आता घेत नाही. का घेत नाही, हे विचारल्यावर मी 'पोर्शन होत नाही' असं सांगते. ते खोटं आहे.

शाळा मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी. सातवीत एकोणीस मुलं. घरी मालवणी, वर्गात पुस्तकातलं मराठी, आणि इंग्रजी म्हणजे फळ्यावरून वहीत उतरवून घ्यायची गोष्ट. उभं करून 'व्हॉट इज युवर नेम' विचारलं तरी पोर आधी शेजारच्याकडे बघणार, मग छताकडे, मग नाव सांगून धपकन खाली बसणार. मी कुडाळची. माझंही लहानपणी असंच व्हायचं, म्हणून मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. माझा राग लवकर चढतो. एकदा मी डस्टर आपटून म्हटलं होतं, "अरे, दगडाला तरी पाझर फुटेल!" त्यावर एक मुलगा शांतपणे म्हणाला, "बाई, दगडाक इंग्लिशमदी काय म्हणतत?" सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की ही पोरं हसली की बोलतात.

मग मी खेळ सुरू केले. मासळीचा लिलाव इंग्रजीत. पाटीवर बांगडा, सुरमई, मोरी काढायची, एकाने ओरडून भाव पुकारायचा, बाकीच्यांनी चढवायचा. वर्गाची जेटी झाली. डोळे बांधून वाट सांगायचा खेळ: 'गो लेफ्ट, गो लेफ्ट, स्टॉप!' तीन वाक्यांतलं खोटं कुठलं ते ओळखायचं. खोटं बोलायला परवानगी मिळाल्यावर त्यांचं इंग्रजी एकदम सुधारलं. मुख्याध्यापक दारातून डोकावून म्हणायचे, "बाई, जरा आवाज कमी," आणि मला ते बक्षीस वाटायचं.

गाऱ्हाण्याची कल्पना मला अंघोळ करताना सुचली. आमच्याकडे देवळात, शिमग्याला, जत्रेला, घरच्या शुभकार्यालाही देवासमोर गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस हात जोडून मोठ्या आवाजात देवाला सांगतो: बा देवा म्हाराजा, अमक्याच्या घरात हे असं झालं आहे, ते दूर कर; आणि प्रत्येक वाक्याला जमलेली सगळी माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" हा सूर आमच्या पोरांना बोलता येण्याआधीपासून पाठ असतो. मी म्हटलं, हेच इंग्रजीत घालू. एकाने पुढे यायचं, हात जोडायचे, वाक्य बोलायचं, आणि वर्गाने ओरडायचं: "येस, महाराजा!" चुकलं तरी कुणी थांबवायचं नाही. देव कुठे व्याकरण बघतो?

काय सांगू, पहिल्याच दिवशी सगळे हात वर. 'महाराजा, गिव्ह अस हॉलिडे!' 'येस, महाराजा!' 'महाराजा, मॅथ्स टीचर गेट फीवर!' 'येस, महाराजा!' शेजारच्या वर्गातले गणिताचे सर येऊन बघून गेले. मी मोबाइल काढला आणि व्हिडिओ घेऊ लागले.

खिडकीजवळ एक मुलगी बसायची. सहावीपासून धरून वर्षभरात तिने माझ्याशी धड दोन वाक्यं बोललेली नव्हती. अभ्यासात मठ्ठ नव्हती, पण आवाज म्हणून नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती टेबलापाशी आली. वहीचा कोपरा दुमडत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माका गाऱ्हाणा घालूचा आसा. पण ह्या घराकडे कोणाक कळाचा नाय मां?"

मला वाटलं, लाजते आहे. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "कुणाला कळणार गं? इंग्रजी आहे ना!"

तिला तेवढंच हवं होतं. तासाला ती पुढे आली, हात जोडले, डोळे मिटले. बाकीची मुलं हात जोडताना दात काढायची. ही देवळात उभी राहावी तशी उभी राहिली. आणि मोडक्यातोडक्या शब्दांत, पण एकदाही न थांबता, तिने सहा वाक्यं म्हटली. सगळ्यांचे बाबा गणपतीला येतात. माझे बाबा येऊ नयेत. ते आले की आई पडते. आई सांगते विहिरीवर पडले. आई विहिरीवर पडत नाही, घरात पडते. महाराजा, बाबांची गाडी चुकू दे.

प्रत्येक वाक्याला वर्ग ओरडला, "येस, महाराजा!"

मला अर्थ कळला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अर्थ कळला नाही, नुसती वाक्यं मोजत होते, असं म्हणता आलं असतं तर मला जरा हलकं वाटलं असतं. पण कळला, आणि काळजात एक कळही आली. मात्र तिच्या मागोमाग लगेच जे मनात आलं ते असं, की वर्षभर न बोललेली मुलगी सलग सहा वाक्यं बोलली, आणि ती माझ्या मोबाइलमध्ये आहेत. मी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. तास संपल्यावर तिला बाजूला घेऊन काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

चतुर्थीच्या सुट्टीआधी शाळेत पालकसभा ठेवतात. मुद्दाम तेव्हाच, कारण मुंबई-गोव्याला असलेले चाकरमानी एकदोन दिवस आधी गावात उतरतात आणि एरवी नुसत्या आयांनी भरणारी सभा बापांनीही भरते. त्या वर्षी मी आधीच सांगून ठेवलं होतं की इंग्रजीचा कार्यक्रम मी करणार. व्हिडिओ एकापुढे एक जोडले. गमतीचे आधी, आणि सर्वांत लांब तो शेवटी. चांगलं ते शेवटी ठेवावं, एवढाच विचार केला.

हॉल भरला होता. मुलं पुढे सतरंजीवर, आया एका बाजूला, बाप मागे खुर्च्यांवर. भिंतीवर पहिला व्हिडिओ लागला, मुलं ओळखून खिदळली, आणि मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, मराठीत सांगा, आमका काय कळता?"

मग मला जोर चढला. मी माइक घेतला आणि एकेका वाक्याचं मालवणी करून, अगदी गाऱ्हाण्याच्या सुरात सांगू लागले. "बा देवा म्हाराजा, आमका सुट्टी गावांदे!" आणि हॉलमधली सगळी माणसं, सवयीने, एका आवाजात: "व्हय म्हाराजा!" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. गणिताचे सरसुद्धा हसले. सरपंचबाई हात जोडून ओरडत होत्या. मी आयुष्यात एवढ्या लोकांना एकदम हसवलेलं नव्हतं.

आणि त्याच सुरात भिंतीवर खिडकीजवळची मुलगी आली. मी थांबले नाही.

"बा देवा म्हाराजा, सगळ्यांचे बापूस चवथीक येतत!"

"व्हय म्हाराजा!"

"माझो बापूस येव नये!"

"व्हय म्हाराजा!" मागे कुणीतरी कुणाच्या तरी पाठीवर थाप मारून हसलं.

"तो इलो की आवस पडता..."

या वेळी चारपाचच आवाज आले, तेही अर्धे. मी माइक खाली घेतला. पण व्हिडिओ चालू होता. मी लॅपटॉपवर बंद करायचं बटण शोधत होते आणि बोटांना ते सापडत नव्हतं. भिंतीवरची मुलगी डोळे मिटून सांगत होती, आणि स्पीकरमधून माझाच वर्ग आनंदाने ओरडत होता, येस महाराजा, येस महाराजा, येस महाराजा.

सतरंजीवर बसलेली खरी मुलगी भिंतीकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. मी तिला काय सांगितलं होतं, ते तिला आठवत होतं आणि मलाही. तिची आई आयांच्या रांगेत मान खाली घालून पदर सारखा करत होती. मुख्याध्यापक घाईने उठले आणि चहा आल्याचं जाहीर केलं.

तिचा बाप आला आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावत होते. पण आई तर समोर होती, चुलते होते, वाडी होती. बाप नसता तरी मी काय वेगळं केलं असतं? तो चहाचा कप हातात घेऊन माझ्याकडे आला. नवा शर्ट, नीट विंचरलेले केस, बोलणं अगदी मऊ. म्हणाला, "बाई, चेडवाक बरा शिकवलात. चार माणसांत बोलाक लागला." आणि हसला. मीही हसले. चेहऱ्याला सवय असते म्हणून हसले, पण हसले.

त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जायला हवं होतं. माझी स्कूटर आहे, दहा मिनिटांचा रस्ता. मी मुख्याध्यापकांशी बोलले, ते म्हणाले, "घरचा मामला आहे, बाई. आपण पडलो तर आणखी बिघडेल." खरं सांगायचं तर ते हेच म्हणतील हे माहीत होतं, म्हणूनच त्यांना विचारलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे गणपतीवरची फळापानांची माटवी बांधायची होती, मग गणपती आला, पाहुणे आले, मोदक झाले, आरत्या झाल्या. एका रात्री भजनाला जाताना आम्ही त्यांच्या घरावरून गेलो. घरापुढच्या खळ्यात दिवे होते, आत टाळ वाजत होते. सगळं ठीक दिसतंय, असं मी शेजारणीला म्हटलं. तिने काही विचारलं नव्हतं.

विसर्जन होऊन चाकरमानी परतल्यावर मी गेले. बाप गेला आहे याची आधी चौकशी केली आणि मगच गेले. तिची आई खळ्यात आली नाही, उंबऱ्याच्या आतूनच बोलली. डावा हात पदराखाली होता आणि शेवटपर्यंत पदराखालीच राहिला. मी वाक्यं ठरवून गेले होते, त्यातलं एकही नीट आलं नाही. "माझी चूक झाली, माका माफ करा," एवढं कसंबसं म्हटलं.

तिला नवलच वाटलं. "तुमी कित्याक माफी मागतास, बाई? चूक तिची. घरातला भायर बोलूचा नसता, ता तिका कळाक होया होता." मग जरा थांबून, माझी समजूत काढावी तसं म्हणाली, "तिका इंग्लिश शिकवा. बरा शिकवतास तुमी. फक्त खरा बोलूक लावू नकात."

तालुक्याच्या कार्यालयात अशा गोष्टींसाठी एक मॅडम असतात असं ऐकलं होतं, त्यांचं नाव काढलं. तिने लगेच नको म्हटलं आणि पाणी हवं का विचारलं. मी पाणी प्यायले आणि निघाले. त्या मॅडमना मी नंतरही फोन केला नाही. तिने नको म्हटलं होतं, हे कारण मला पुरेसं वाटलं.

मुलगी रोज शाळेत येत होती. आता ती पहिल्या बाकावर बसायची, आणि हे तिने आपणहून केलं होतं. मी खेळ बंद केले होते. मुलांनी दोनचार दिवस कुरकुर केली आणि मग पुन्हा वहीत उतरवून घेऊ लागली.

दिवाळीआधी सत्राची तोंडी परीक्षा होते. विषय चिठ्ठीवर असतात, ज्याला जी चिठ्ठी येईल ती. तिला आली 'माझं कुटुंब'. चिठ्ठी बदलून घे, असं मी म्हणणार होते, पण तेवढ्यात तिने सुरुवात केली. गाइडमधली वाक्यं होती, पण एकही अडखळली नाही, आवाज स्वच्छ, मान वर. माय फादर इज अ काइंड मॅन. ही लव्ह्ज अस व्हेरी मच. ही ब्रिंग्ज स्वीट्स फॉर अस. माय मदर इज ऑल्वेज हॅपी.

मुलं कंटाळून खिडकीबाहेर बघत होती. ती संपवून जागेवर गेली नाही. टेबलाजवळ आली, वाकून माझ्यासमोरच्या गुणांच्या यादीकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "बाई, आता बरोबर बोललंय मां?"

मी म्हटलं, "हो, अगदी बरोबर." आणि तिच्यासमोरच दहापैकी दहा गुण लिहिले.