मलप्पाअण्णांची काठी आणि माझे शब्द

मलप्पाअण्णा गेल्याची बातमी मला हुमनाबादेत, कचेरीसमोरच्या माझ्या टेबलाशी कळली. हातातला अर्ज त्या दिवशी पुरा झाला नाही. आता महिना उलटला आहे...

मी अर्ज लिहिणारा. शिक्षण सातवीपर्यंतचे, तरी माझ्या लेखणीला तालुक्यात वजन आहे, म्हणूनच धरणावरचे हे वृद्ध मच्छीमार माझ्याकडे आले. सोबत एक काठी होती. दर सोमवारी सकाळी, एकाच जागी, एकच जाळे दहा वेळा फेकून वरच्या पाण्यात झुंडीने फिरणारी बोटभर चंदेरी मासळी ते टोपलीत ओतीत, तीत काठी उभी करीत आणि मासळी जिथवर येई तिथे खाच पाडीत. वर्षभरात खाचा खाली खाली उतरल्या होत्या. धरणातल्या मासेमारीच्या ठेकेदाराची मच्छरदाणीसारखी बारीक जाळी बंद व्हावीत, एवढेच त्यांचे मागणे.

"कमी व्हायलीय म्हणून लिवा, रायटर. संपली न्हाई."

"अण्णा, 'कमी' वाचून साहेब खुर्चीतून उठतंय व्हय?"

"उठू दे न्हाईतर बसू दे. खरं लिवा."

मी कचेरीच्या भाषेत, कानडीत लिहिले, मासळी समूळ नष्ट झाली आहे. काठीचा उल्लेख गाळला. सरकारी कागदात ती शोभणार नाही, असे मला वाटले. अण्णांना वाचता येत नव्हते. वाचून दाखवताना मात्र मी त्यांचेच शब्द उच्चारले, आणि त्यांनी विश्वासाने अंगठा दिला.

साहेब खरोखरच आले. पहिल्याच फेकीला पसाभर मासळी निघाली. "कामून खोटं बोलला अण्णा? संपलेली मासळी नाचायलीय की!" ठेकेदाराचा माणूस ओरडला, आणि सारे हसले. अण्णा काठी पुढे करीत राहिले. तिच्याकडे कोणी पाहिले नाही. अर्ज खोटा ठरला, बारीक जाळी चालू राहिली. मी तिथेच उभा होतो... बोललो नाही.

दिवसकार्यानंतर गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी काशक्कांनी चहा दिला. "लई लागलं त्यांना," त्या म्हणाल्या. "सांगताना माझीच जीभ घसरली असंल, म्हणायचे. तुमाला कधी बोल लावला न्हाई." कोपऱ्यात काठी होती, सर्वांत खालची खाच अजून पांढरी. चहा संपवून मी तसाच परतलो.

'समूळ नष्ट' हे शब्द माझे होते. अण्णा खरेच बोलले होते. काशक्कांनाही वाचता येत नाही, आणि माझ्या वाचण्यावर आता माझाच भरवसा उरलेला नाही. धरणाकडच्या कोणी हा लेख त्यांना वाचून दाखवावा... लिहिला आहे तसाच.