अर्ध्या ओळीतला श्वास

धुकं इतकं दाट होतं, की बँडच्या दुकानाच्या पायरीवरून समोरची पिठाची गिरणी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. आत तारेवर लाल कोट एकामागोमाग लटकलेले, ओलसर, खांदे पाडून, जणू कालच्या मिरवणुकीत तेच वाजवत होते. फुंकेमामांनी कोमट पाण्याची बादली पायरीवर ठेवली, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि काल रात्री घरी नेलेला ट्रंपेट उघडायला घेतला. तिन्ही पिस्टन फडक्यावर मांडले, नळ्या बादलीत सोडल्या. पाण्यावर हिरवट घाण तरंगून आली. पस्तीस वर्षं रोज सकाळी हेच काम, पण हल्ली खाली बसणं सोपं आणि उठणं अवघड झालं होतं.

फुंके हे काही त्यांचं आडनाव नव्हे. फुंकून फुंकून चिकटलेलं नाव. विजेच्या बिलावर खरं आडनाव यायचं, आणि ते वाचून पोस्टमन दोनदा परत गेला होता. वय अठ्ठावन्न. कोटाचं तिसरं बटण दोन वर्षांपूर्वीच पोटापुढे हरलं होतं.

पुसून पुन्हा जोडलेला ट्रंपेट टांगायला मामा आत गेले. दुकानात प्रत्येकाची खुंटी ठरलेली. मामांची दाराजवळची, पहिली. त्या खुंटीवर झांजांची जोडी लटकत होती.

कोणी काही बोललं नव्हतं. या बँडमध्ये वाजवणारा थकला की त्याला घरी पाठवत नाहीत, त्याच्या खुंटीवर झांजा अडकवतात. माणसाने काय ते समजायचं. मामांनी आजवर दोघांच्या खुंटीवर त्या पाहिल्या होत्या आणि दोन्ही वेळा, सुटलो बुवा, असं मनात म्हणून आपला ट्रंपेट काढून घेतला होता.

कारण त्यांना माहीत होतं. बँडची स्वतःची अशी एक चाल होती, प्रत्येक मिरवणुकीच्या शेवटी वाजायची. तिच्या अखेरच्या ओळीत एक सूर वर चढून सोळा पावलं तिथेच उभा राहायचा. सगळा बँड खाली आणि वर एकटा पहिला ट्रंपेट. काल टेकडीच्या चढावर तो सूर नवव्या पावलाला फाटला आणि सायकलीची हवा जावी तसा आवाज करत विझला. बघणारी दोन माणसं हसली. बँडमधलं कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

बँडमास्तर आला तेव्हा मामा झांजा हातात घेऊन उभे होते. मास्तर म्हणजे जुन्या वस्तादांचा मुलगा, मामांपेक्षा वीस वर्षांनी लहान, मामांच्या खांद्यावर बसून मिरवणुका बघितलेला.

“मामा, झांजेलाही माणूस लागतोच की,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

“लागतो ना. फुप्फुस तेवढं लागत नाही.”

मास्तर बराच वेळ टोपीवरची धूळ झटकत राहिला. धूळ नव्हतीच. शेवटी त्याने तोड काढली. महिनाभराने त्याच चढावर मोठी मिरवणूक होती. सूर सोळा पावलं निघाला तर खुंटी मामांची. नाही निघाला तर झांजा, आणि रुसायचं नाही.

वस्ताद फुंकणाऱ्यांना रोज पहाटे शाळेच्या मैदानाभोवती पळवायचे. ‘पायात दम तर नळीत दम’, एवढंच त्यांचं शास्त्र. मामा तेव्हा दहा फेऱ्या मारून वर विहिरीत पोहायचे. वस्ताद गेले, पळणं सुटलं, त्यालाही वीस वर्षं झाली. आता पुन्हा पळायचं, असं मामांनी घरी जाहीर केलं तेव्हा बायको शिवणाच्या मशीनवर होती. तिने पाय न थांबवता विचारलं, “बस सुटते तेव्हा तुम्ही पळत नाही, दुसरी येईल म्हणता. आता अशी कोण सुटून चालली आहे?”

मामांनी खुंटीचं सांगितलं. तेव्हा मशीन थांबली. तिने त्यांच्या जुन्या पायजम्याला नाडीऐवजी इलॅस्टिक घातलं.

पहिल्या दिवशी ते बँडचे काळे चामडी बूट घालूनच गेले आणि टाचेला फोड घेऊन आले. औषधांच्या दुकानात कामाला असलेल्या लेकीने त्यांना आधी डॉक्टरकडे नेलं, मग कापडी बूट आणून दिले. डॉक्टर म्हणाले, पळा, पण जिवावर उठू नका. मामांचं पळणं जिवावर उठल्यासारखंच दिसत होतं. अर्ध्या फेरीतच छाती भात्यासारखी व्हायची, डोळ्यांपुढे काजवे, मग कुंपणाच्या खांबाला धरून उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशीही तोच खांब. पोटऱ्या इतक्या दुखायच्या, की दुकानाच्या तीन पायऱ्या ते बाजूने, खेकड्यासारखे चढायचे. दुपारी जेवता जेवता डोळा लागायचा. अंगातली शक्ती वाढायच्या ऐवजी कोणी चमच्याचमच्याने काढून नेतंय असं वाटायचं. पंधरा दिवस गेले आणि खांब काही बदलेना.

मैदानावर एक निवृत्त खेळाच्या बाई रोज चालायला यायच्या. सत्तरीच्या, सडपातळ, गळ्यात अजून शिट्टी. सोळाव्या दिवशी त्या खांबापाशी थांबल्या.

“दादा, रोज बघते मी. पळताना श्वास कधी घेता तुम्ही?”

“ओळ संपली की,” मामा कसेबसे म्हणाले.

“कसली ओळ?”

मग मामांना खांबाला धरूनच सांगावं लागलं. बँडवाला चालता चालता वाजवतो. पाय हलले की डोक्यात चाल सुरू होते, आणि चाल सुरू झाली की श्वास ओळीच्या शेवटीच घ्यायचा. मध्ये घेतला की वस्तादांची छडी पोटरीवर बसायची. पस्तीस वर्षांची सवय. इथेही पहिलं पाऊल पडलं की चाल वाजायला लागायची, आणि मामा छाती भरून घेऊन पुरी ओळ तोंड मिटून पळायचे. आपण असं करतो हे त्यांना स्वतःलाही आत्ता, सांगताना कळत होतं.

बाई हसल्या नाहीत. “अहो, मग ओळीच्या आधी तुम्हीच संपाल. मध्ये घेतला श्वास तर काय होतं?”

“सूर तुटतो, बाई.”

“मैदानाला ऐकू येत नाही.”

त्यांनी शिकवलं ते फार साधं होतं. दोन खांब पळा, एक खांब चाला. दर तीन पावलांना श्वास, लागला तर त्याच्याही आत, तोंड उघडं ठेवून, लाज न बाळगता. ही लाज न बाळगणंच अवघड. अर्ध्या ओळीत श्वास ओढताना मामांना दुसऱ्याच्या खिशात हात घातल्यासारखं व्हायचं, पोटरी आपोआप आखडायची. पण खांब मागे पडायला लागला. एक फेरी झाली. महिना संपत आला तेव्हा न थांबता तीन. दहाच्या पुढे तीन म्हणजे काहीच नाही, हे त्यांना कळत होतं. तरी तिसऱ्या फेरीनंतर ते खांबाला हात लावायचे नाहीत, नुसते त्याच्या शेजारी उभे राहायचे.

सूर मात्र अकरा पावलांवरच होता. घरामागच्या गल्लीत रोज चालत, मोजत, वाजवून पाहिला. अकरा. एकदा बारा, तेही शेवटचं पाऊल छोटं टाकून. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी मामा दाढी करायला सलूनमध्ये गेले. सलूनवाला चाळिशीचा, बँडमध्ये दुसरा ट्रंपेट वाजवायचा. त्याने फेस लावला, वस्तरा गळ्याशी नेला, तेव्हा मामा म्हणाले, की उद्या आठव्या पावलाला मी श्वास घेणार आहे. सातव्याला तू सुरात यायचं, मी परत येईपर्यंत धरायचं.

वस्तरा जागच्या जागी थांबला. “पंधरा वर्षांत तुम्ही मला त्या सुराच्या आसपास फिरकू दिलं नाही, मामा.”

“आता ये. हळूच ये, कुणाला कळता कामा नये. आणि आधी तो वस्तरा बाजूला घे.”

दुसऱ्या दिवशी चढावर गर्दी होती, ऊन होतं, कोटाच्या आत घामाच्या धारा. शेवटची ओळ आली. मामांनी सूर उचलला. सातव्या पावलाला शेजारून दुसरा आवाज आला, दबकत, केस विंचरल्यासारखा सरळ. मामांनी तोंड उघडून श्वास घेतला. पोटरी आखडली. छडी पडली नाही. सूर वर तसाच होता, त्यांच्याशिवाय. ते ऐकताना त्यांना हायसं वाटलं आणि एकदम म्हातारंही वाटलं. दहाव्या पावलाला ते परत शिरले आणि दोघांनी मिळून तो सोळापर्यंत नेला. लोकांना काही कळलं नाही. पुढे चालणाऱ्या मास्तरची काठी मात्र हवेत क्षणभर अडकली होती. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

चढ संपल्यावर तो जवळ आला.

“सोळा निघाली.”

“निघाली.”

“दोघांत मिळून.”

“हो,” मामा म्हणाले. “माझ्या एकट्याच्याने नसती निघाली. मी सांगणारच होतो.”

मास्तरने टोपी काढून कपाळ पुसलं. “बाबांनी मारलं असतं तुम्हाला.”

“मारलं असतं.”

टोपी पुन्हा डोक्यावर ठेवून तो पुढे गेला.

सकाळी पुन्हा धुकं. मामा मैदानावर दोनच फेऱ्या मारून आले होते, कालचा चढ अजून गुडघ्यात होता. शटर वर केलं. पहिली खुंटी रिकामी होती. तिच्या शेजारी भिंतीत एक नवा खिळा ठोकलेला, खाली चुन्याचा भुगा तसाच, आणि झांजा त्या खिळ्यावर. लांब नव्हत्या, हात केला तर लागतील अशा. मामांनी दोन्हींकडे पाहिलं. मग त्यांनी खराटा घेऊन भुगा गोळा केला, बादलीत कोमट पाणी ओतलं, गुडघ्यावर हात टेकत पायरीवर बसले आणि पहिला पिस्टन फिरवून बाहेर काढला.