तोंड वाकडं करणारा ड्रायव्हर

त्या सगळ्या डोंगरपट्ट्यात ॲम्ब्युलन्स एकच, आणि ती चालवणारे ड्रायव्हरदादाही एकच. मेंदूचा स्कॅन करायचा तर तीन तासांचा घाट उतरून शहर गाठायचं. लकवा मारला की साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळायला हवं, आणि लोक मात्र ‘झोप काढली की बरं वाटेल’ म्हणत घरीच बसायचे. दादांचं डोकंच फिरायचं. शेवटी बाजारच्या दिवशी ते स्वतःच ओट्यावर चढून लकव्याची नक्कल करू लागले. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं बोबडं. दवाखान्यातली सिस्टर शेजारी उभी राहून लक्षणं समजावायची. लोक पोट धरधरून हसायचे, पण शिकायचे. नुसत्या भाषणाला कुत्रंही फिरकलं नसतं.

त्या दिवशी सकाळी बाजार भरत होता. दादा ओट्यावर चढले आणि सिस्टर काही बोलायच्या आधीच त्यांचं तोंड वाकडं झालं. लोक खूश. दादांना सांगायचं होतं, गाडी काढा. वाक्य डोक्यात लख्ख होतं, जिभेवर नुसता चिखल. सिस्टरने नेहमीप्रमाणे दोन्ही हात वर करायला सांगितले. एकच वर गेला. टाळ्या पडल्या. त्याच हाताने त्यांनी गाडीकडे बोट दाखवलं, तर सिस्टर लोकांना म्हणाली, “बघा, अशा वेळी लगेच ॲम्ब्युलन्स बोलवायची.” माणूस आतून जिवाच्या आकांताने ओरडतोय आणि समोर अख्खा बाजार हसतोय. असा कोंडमारा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

दादांची बायको भाजी घ्यायला आली होती. नवऱ्याची ही थेरं तिला तोंडपाठ, पण त्यात डोळ्यांना पाणी कधी नसायचं. गर्दीतून वाट काढत ती वर गेली आणि लोंबता हात तिने उचलून पाहिला.

“सिस्टर, हे नाटक नाही. यांना खरंच झालंय.”

मग एकच पळापळ. गाडी समोर, किल्ली दादांच्या खिशात, पण चालवणार कोण? एक ट्रकवाला सापडेपर्यंत निम्मा बाजार उठला. घाटात दादा पहिल्यांदाच मागे आडवे होते. प्रत्येक वळण त्यांना कळत होतं, ट्रकवाला कुठे उगाच बिचकतोय तेही कळत होतं. सांगता येत नव्हतं.

शहरातल्या डॉक्टरांनी स्कॅन पाहून विचारलं, “सुरुवात नक्की कधी झाली? कुणी पाहिलं का?”

“सकाळी, बाजार भरताना,” सिस्टर म्हणाली. “सगळ्यांनी पाहिलं. आम्ही टाळ्या वाजवत होतो.”

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि इंजेक्शनची कुपी परत ठेवली. वेळ टळून गेली होती. दादांना सगळं समजत होतं.