जळलेलं व्हाइट हाउस

कुवेतला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. सलवा भागातल्या शाळेच्या फाटकाशी वाऱ्याने लेकीच्या हातातलं, वर्गात दाखवायला केलेलं पुठ्ठ्याचं व्हाइट हाउस उडवलं आणि त्याचं छप्परच निघालं. ती रडू लागली.

नातवाला सोडायला आलेल्या एक अमेरिकन आजी सरळ फरशीवर बसल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पर्समधून चिकटपट्टी काढली.

"खरं व्हाइट हाउससुद्धा एकदा इंग्रजांनी जाळलं होतं," छप्पर चिकटवत त्या इंग्रजीत म्हणाल्या. "नुसत्या भिंती उरल्या होत्या."

"मग?" लेकीने डोळे पुसले.

"मग काय, लोकांनी तिथेच पुन्हा बांधलं!"

दुपारी लेक हसतच बाहेर आली. वर्गात तिने त्या आगीचीच गोष्ट सांगितली होती.

नातवाकडे पाहुण्या म्हणून आलेल्या त्या आजी परत दिसल्या नाहीत. पण या परक्या गावात आम्हाला भेटलेलं पहिलं आपलं माणूस त्याच.