टेबलावरचा खड्डा आणि मालूताईंची सही

मिरजेहून मालूताईंच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी इन्कम टॅक्सचं विवरणपत्र भरत बसलो होतो. "काका, मालूमावशी गेली... झोपेतच." फोन ठेवला आणि हात आपोआप टेबलाच्या कडेवरच्या खड्ड्याकडे गेला. त्यांना शांत मरण आलं याचं मला बरं वाटलं. कुवेतमध्ये एक काळ असा होता, की ही बाई मार खाऊनच मरणार असं आम्हा नवराबायकोला वाटायचं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही कुवेत शहरातल्या बनेद अल-गार भागात राहायचो. खालच्या मजल्यावर सरकारी इस्पितळातल्या स्टाफ नर्स मालूताई आणि त्यांचा बेकार नवरा विष्णू. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, बी.कॉम., एका कंपनीत अकाउंटंट. हे मी आजही छाती काढून सांगतो. खालून आधी भांडी आपटल्याचे, मग माणूस आपटल्याचे आवाज यायचे. दार वाजवलं की विष्णू म्हणायचा, "घरचा मामला आहे, साहेब."

एका शुक्रवारी सकाळी मालूताई वर आल्या. भुवई फाटलेली, तिच्यावर काळे टाके. "आरशात बघून मीच घातलेत. वाकडे आलेत का हो, वहिनी?" माझ्या बायकोला रडूच फुटलं. मालूताईंनी बँकेचा कागद पुढे केला. मिरजेच्या ठेवीवरचं व्याज कमी जमा झालं होतं. बाकीचे पैसे तू माहेरी चारलेस, असं म्हणत विष्णूनं त्यांचं डोकं चौकटीवर आपटलं होतं.

"पैसे गेले कुठं, भाऊ?"

"सरकारनं कापले. तुम्ही परदेशात, म्हणून बँक व्याजातून कर आधीच कापून घेते. भारतात तुमचं दुसरं काही उत्पन्न?"

"कसलं आलंय!"

"मग एवढ्याशा व्याजावर कर लागतच नाही. जास्तीचा भरलाय तुम्ही. विवरणपत्र भरा, मागच्या वर्षांचासुद्धा परत मागू."

"अहो, इथं कोण भरतंय? कुवेतला कुठाय टॅक्स?"

हीच आम्हा सगळ्यांची चूक. इथल्या पगाराला कर नाही, म्हणजे आपला कराशी संबंधच नाही, असं डॉक्टर-इंजिनियरसुद्धा धरून चालायचे आणि तिकडे कापलेला कर सोडून द्यायचे.

मालूताईंनी हे नवऱ्याला समजावलं. त्याच्या डोक्यात शिरलं ते एवढंच, की पैसे येणार. "माझ्या भावाच्या पत्त्यावर मागव," म्हणाला. त्या नाही म्हणाल्या... आणि पुढच्या शुक्रवारी सुजलेलं कानशील घेऊन आमच्या टेबलाशी सह्या करायला बसल्या. पत्ता आईचा दिला.

तेवढ्यात लाथेनं दार उघडलं. विष्णूच्या हातात खलबत्त्यातला पितळी बत्ता. त्यानं नेम धरून तो त्यांच्या उजव्या हातावर हाणला. हात निसटला, बत्ता टेबलात रुतला, लाकडाची ढलपी उडून माझ्या गालात घुसली. मी त्याच्या अंगावर पडलो. त्यानं माझा दात पाडला, मी त्याचं नाक फोडलं. पदवीधरानं मारामारी करू नये असं कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. इमारतीचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, राखणदार धावत आला तेव्हा कुठं तो आवरला. खाली दाबून धरलेला असतानाही ओरडत होता, "जित्ती सोडणार नाही!"

मालूताईंनी कागदावरचा भुसा झटकला. "भाऊ, एक सही राहिली ना? दाखवा कुठं ते."

त्याच दिवशी त्या नर्सेसच्या होस्टेलवर गेल्या. विष्णू इस्पितळाच्या फाटकाशी उभा राहून टोमणे मारायचा, "तिकीट काढून दे, जातो की!" काही महिन्यांनी मिरजेला परतावा आला. मालूताईंनी आईकडून त्यातूनच त्याचं मुंबईचं एकेरी तिकीट काढवून घेतलं.

"पगारातूनही देता आलं असतं," मी म्हणालो.

"नाही. ज्या पैशासाठी मारलं, त्याच पैशानं जाऊ दे त्याला."

फाटकाशी तिकीट हातात ठेवलं तेव्हा त्यानं हात उगारला होता. मालूताईंच्या मागं वॉर्डातल्या सगळ्या नर्सेस उभ्या होत्या. हात खाली आला. तो गेला, तो कायमचा.

ते टेबल आम्ही बोटीनं पुण्याला आणलं. सुतार म्हणाला, खड्डा बुजवून देतो. मी त्याला हात लावू दिला नाही. मालूताईंचा दर वर्षी फोन यायचा, "काय भाऊ, जास्तीचा कापलाय का बघितलंत?" आणि मी कंटाळून म्हणायचो, "बघतो हो..."

या वर्षी त्यांचा फोन आला नाही. मी खड्ड्याशेजारी कागद मांडले आणि बँकेनं कापलेला कर पुन्हा तपासला. जास्तीचा होता. परत मागितला, आणि खाली सही केली.