सत्तारभाऊंच्या घरची प्रार्थना

अमळनेरला आमचं एक लहानसं प्रार्थना मंडळ आहे. एकच ईश्वर मानायचा. मूर्ती नाही, पुजारी नाही. महिन्यातल्या पहिल्या रविवारी आम्ही पाळीपाळीने एकेका सभासदाच्या घरी जमतो. भजनं होतात, मग यजमानाघरचं पाणी आणि चहा. ते घेतल्याशिवाय उठायचं नाही, असा जुना रिवाज.

सत्तारभाऊ पिंजारी या मंडळात कितीतरी वर्षांपासून पेटी वाजवतात. गाद्या भरणं हा त्यांचा धंदा. आमच्यापैकी बहुतेकजण त्यांनी भरलेल्या गादीवरच झोपतात. पण प्रार्थनेची पाळी त्यांच्या घरी कधी आली नव्हती. का, ते कुणी विचारलं नाही. त्यांनीही नाही.

मागच्या वर्षी आमचे कार्यवाह जितेंद्र यांनी सांगितलं, की परदेशातल्या एकेश्वरी मंडळ्या वर्णभेदाविरुद्ध ठराव करत आहेत, आपणही करावा. ठराव झाला. जात, धर्म, रंग यांवरून कुणालाही दूर ठेवायचं नाही.

"रंगाचं बरं केलं," तोताराम नाना म्हणाले, "नाहीतर पहिला मीच बाहेर गेलो असतो."

सगळे हसले. सत्तारभाऊही हसले. मग पेटीचा भाता बंद करत म्हणाले, "मंग पुढला महिनाले प्रार्थना मना घर ठेवा."

"ठेवू की," जितेंद्र म्हणाले. जरा थांबूनच म्हणाले.

सत्तारभाऊंनी घराला चुना दिला. त्यांच्या पत्नी साबेराभाभींनी स्टीलचे नवे पेले आणले, कुणाच्या मनात शंका नको म्हणून. बाजारात मला भेटल्या तेव्हा हळूच विचारलं, "आबा, बठ्ठा येतीन ना?"

सगळे येतील, म्हटलं.

सगळे आले. भजनंही चांगली झाली. भाभी भरलेल्या पेल्यांचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, तोच दारात रिक्षातून पाण्याचा जार उतरला. सोबत चहाचा थर्मास आणि कागदी ग्लास.

"भाभी, तुम्हाला त्रास नको म्हणून सोय केली," जितेंद्र म्हणाले.

सगळ्यांनी कागदी ग्लास घेतले. मी ट्रेमधला एक पेला उचलला, पण एका पेल्याने काय होतं? बाकीचे तसेच भरलेले आत गेले. सत्तारभाऊ पेटी पुसत बसले होते. पुसलेलीच पुन्हा पुसत होते.

पुढच्या महिन्यात जितेंद्रकडे जमलो. त्यांच्या पत्नी दिपमालावहिनी चहाचे कप घेऊन आल्या. सत्तारभाऊंनी पेटीच्या पिशवीतून कागदी ग्लास काढला आणि पुढे धरला.

"वहिनीले तरास नको," ते म्हणाले.

मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल, निदान त्यांच्या हातातून तो ग्लास काढून घेईल. वहिनींनी कपातला चहा त्यात ओतला.

परतताना तोताराम नाना मला म्हणाले, "काही म्हणा, सत्तार समजूतदार माणूस."

याला वर्ष होईल. सत्तारभाऊ अजून पेटी वाजवतात, सूर कधी चुकत नाही. आता त्यांच्यापुढे कुणी कप धरतच नाही. चहा आला, की सगळे त्यांची पिशवी उघडायची वाट बघतात.