खंडेनवमीचं कुंकू आणि अक्काची गाणी

माझी शाळा चौथीत सुटली. पण मोटर, स्टार्टर, केबल यातलं मला कुणी शिकवायचं काम नाही.

नात कडगंचीच्या विद्यापीठात शिकते. गावोगाव हिंडून तिनं म्हाताऱ्या बायांची जात्यावरची गाणी फोनात भरली. फोन भरल्यावर ती सगळी एका काळ्या डबीत टाकली, म्हणजे हार्डडिस्कमध्ये, आणि फोनातली पुसून टाकली. घटस्थापनेला आली तेव्हा डबी जपायला घरी ठेवून गेली. दिवाळीच्या तोंडावर माझी थोरली बहीण, अक्का, वारली. तिचा आवाज आता त्या डबीतच होता, दुसरीकडं कुठंच नाही.

दिवाळीत नातीनं डबी लॅपटॉपला लावली. तिच्या लॅपटॉपात लिनक्स आहे, त्यात काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी पळतात.

“अप्पा, बघा की. जोडली म्हणायलाय, लगेच तुटली म्हणायलाय.”

“व्होल्टेज पडायलंय,” मी म्हणालो. “बोअरची मोटर अशीच करती.”

तिनं केबल बदलली, लॅपटॉपचं भोक बदललं. मी फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून आणला.

“लॅपटॉपला हे लागत न्हाई अप्पा.”

“लागतंय. लाव.”

लावला. डबी दिसली आणि गेली. आतून बायको ओरडली, “अवो, फ्रिज कामून बंद केलाव? दूध नासायलंय!”

“डिस्क दुरुस्त करायची कमांड आसंल की,” मी म्हणालो.

“हाय, पण आत्ता न्हाई. डिस्कच मरायली आसंल तर हाय ते बी जाईल. आधी गाणी काढून घ्यायची.”

मग तिनं बॅटरी लावून डबीच्या भोकात बघितलं.

“अप्पा, ह्याच्यात लाल काय हाय?”

मी स्टॅबिलायझर उचलून फ्रिजकडं निघालो. बायको दारात येऊन पदर तोंडाला लावून हसायला लागली. “इचार त्येंलाच. खंडेनवमीला पूजा कुणी केली?”

केली मी. नांगराचा फाळ, विळे, स्टार्टर, सगळ्याला कुंकू लावलं. नातीचं हत्यार ती डबी, ती कशी सोडायची?

“पण अप्पा, एवढं ओलं कामून लावलाव?”

“कोरडं टिकत न्हाई.”

तिनं मऊ ब्रशाला स्पिरिट लावून भोक साफ केलं. बराच वेळ वाळू दिलं. परत जोडली तर डबी आली, आणि राहिली. आधी सगळी गाणी लॅपटॉपात उतरवली. मला हात लावू दिला नाही. मग तिनं अक्काचं गाणं लावलं.

जात्याची घरघर, त्यावर अक्काचा आवाज. एकदम स्वच्छ. अर्ध्यात ती थांबली आणि म्हणाली, “पोरी, आधी तुझ्या आज्याला भाईर काढ. मधीमधी बोलायलाय.”

नात आणि बायको माझ्याकडं बघायला लागल्या. अक्कानं दटावल्यावर मी कधी तोंड उघडलं नाही, आत्ता कशाला उघडू?

गाणं संपल्यावर म्हणालो, “पुन्हा लाव.”